काडतूस घरी भरणं: अमेरिकेत छंद, सोलापुरात गुन्हा

यूट्यूबवर बंदुकीचा एक व्हिडिओ पाहिला की पुढचे आठ दिवस तेच समोर येत राहतं. त्यातला एक प्रकार सध्या पोरांच्या मोबाईलवर बराच फिरतोय. अमेरिकेतलं कुणाचं तरी गॅरेज, टेबलाला बोल्टाने आवळलेलं यंत्र, त्याचा दांडा वर-खाली होतोय आणि दर खेपेला एक चकचकीत काडतूस खाली डब्यात पडतंय. माणूस निवांत गप्पा मारतोय, मागे रेडिओ चालू. माझा भाचा जुळे सोलापूरला राहतो, मेकॅनिकलला आहे. त्याने सरळ विचारलं, "मामा, हे यंत्र मागवायचं का? साधा तर प्रेस आहे."

प्रेस साधाच आहे, आणि मागवायचा नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण नुसतं "नको" म्हटलं की पोरं गप्प बसत नाहीत, गुपचूप शोधत बसतात. म्हणून हा प्रकार नक्की काय आहे, त्यात यंत्रापेक्षा अवघड काय आहे आणि आपल्याकडे कायदा तो कुठे अडवतो, हे नीट सांगायला हवं.

काडतुसापासूनच सुरुवात करू. पेपरात रोज वाचतो, "गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं जप्त." काडतूस म्हणजे नुसती गोळी नव्हे. गोळी हा त्याचा पुढचा तुकडा, नळीतून बाहेर जाणारा. ती ज्यात बसवलेली असते ती पितळी पुंगळी. पुंगळीच्या पोटात दारू. आणि बुडाशी, बरोबर मध्यभागी, बटणासारखा दिसणारा छोटा प्रायमर. बंदुकीचा घोडा दाबला की आतली टोकदार कळ प्रायमरवर आपटते. प्रायमरमधलं रसायन ठोक्याने पेटतं, त्याची ठिणगी पुंगळीच्या बुडातल्या बारीक भोकातून दारूपर्यंत पोचते, दारू जळून तिचा वायू होतो आणि तो गोळीला पुढे ढकलतो.

हे चार भाग एकत्र आले ते गेल्या पावणेदोनशे वर्षांत. १८५७ ची काडतुसं आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. ती कागदाची होती. मापून घेतलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली, वरून चरबी. शिपायाने दाताने कागद फाडायचा, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. त्या चरबीने पुढे काय घडवलं ते सांगायला नको. आपल्या खेड्यांत अजून काही जुन्या शेतकऱ्यांकडे शेती राखणीच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असते, ती याच जातीची. तिच्यात काडतूस नाहीच, दर बार नव्याने भरावा लागतो. पितळी पुंगळी आल्यावर हे सगळं आयतं, बंद डब्यात मिळायला लागलं.

आता बार उडाल्यावर काय उरतं ते बघा. गोळी गेली, दारू जळाली, प्रायमर ठेचला गेला. पुंगळी मात्र जवळपास जशीच्या तशी राहते, आणि साधारणपणे काडतुसातला सगळ्यात महाग भाग तीच. अमेरिकन माणूस ती उचलून घरी नेतो, जुना प्रायमर काढून नवा बसवतो, दारू घालतो, गोळी बसवतो. त्याला ते रीलोडिंग म्हणतात. पैसे वाचतात हे पहिलं कारण. दुसरं कारण नेमबाजांचं: आपल्या रायफलला नेमकी कोणती गोळी, किती दारू मानवते हे शोधून तसंच काडतूस पुन्हा पुन्हा बनवायचं. तिसरं, जुन्या बंदुकीचं काडतूस बाजारात मिळेनासं झालं की दुसरा इलाजच नसतो. शिकारीही हे करतात, पण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषयच मिटला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आज बंदूक नाही, दुर्बीण घेऊन जातात लोक, काळवीट आणि नशीब असेल तर माळढोक बघायला.

पुंगळी पितळेचीच का, याला पक्कं कारण आहे. तिच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. बार उडताना आतल्या दाबाने पुंगळी क्षणभर फुगते आणि चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला चिकटते, त्यामुळे वायू मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे येत नाही. दाब उतरला की ती थोडी आकसते, म्हणून सहज बाहेर निघते. हे फुगणं-आकसणं पितळेला जमतं. पण पूर्ण मूळ मापाला ती परत येत नाही. म्हणून रीलोडिंगचं पहिलं काम असतं पुंगळीला पोलादी साच्यात दाबून पुन्हा मापात आणणं. त्या व्हिडिओतला दांडा मुख्यतः याचसाठी आहे.

आणि इथेच पहिला धोका सुरू होतो. दर खेपेला दाबलं, फुगलं, पुन्हा दाबलं की पितळ कडक होत जातं. तांबट भांडं ठोकता ठोकता मध्येच ते भट्टीत तापवून मऊ करून घेतो, नाहीतर काठाला चीर जाते. पुंगळीचंही तसंच, तिचं तोंड असंच तडकतं. तोंडाची चीर निदान डोळ्यांना दिसते. बुडाच्या थोडी वर, आतल्या बाजूने पडणारी चीर दिसत नाही. रायफलची पुंगळी दर बाराला थोडी लांब होते, त्या जागी पितळ पातळ होत जातं आणि एखाद्या बाराला बूड सरळ तुटून वेगळं होतं. तेव्हा आतला वायू वाट मिळेल तिकडून येतो. सराईत माणसं तारेचा आकडा आत फिरवून ती खाच चाचपतात. म्हणजे यंत्र चालवणं हा यातला सोपा भाग. कोणती पुंगळी भंगारात टाकायची हे कळणं अवघड.

प्रायमरबद्दल एक गंमत. पुंगळीच्या बुडाची दोन प्रकारची रचना जगात चालते. एक बर्डनची आणि एक बॉक्सरची. बर्डन अमेरिकन, बॉक्सर इंग्रज. पण अमेरिकेत रूढ झाली ती इंग्रज बॉक्सरची, आणि युरोपात पसरली ती अमेरिकन बर्डनची. बॉक्सरच्या पुंगळीत बुडाला मध्यभागी एकच भोक असतं, त्यातून सुई घालून जुना प्रायमर ढकलून काढता येतो. बर्डनमध्ये सहसा दोन बारीक भोकं बाजूबाजूला असतात, सुई घालायला जागाच नाही. अमेरिकेत हा छंद इतका बोकाळला त्यामागे हे एक भोकही आहे. प्रायमरमध्ये बहुधा शिशाचं संयुग असतं. ते ठोक्याने पेटतं हे झालंच, शिवाय जळल्यावर त्याची शिसंयुक्त काजळी पुंगळ्यांवर आणि त्या साफ करताना उडणाऱ्या धुळीत राहते. घरात लहान मूल असेल तर त्याच टेबलावर हे काम करणं हा वेडेपणा. व्हिडिओत हे फार कुणी सांगत नाही.

खरा विषय दारूचा.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम आपण सगळ्यांनी पाहिलंय. उजेड, आवाज आणि मागे राहणारा पांढरा धूर. दारू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तेच येतं. आजच्या काडतुसातली दारू ती नव्हे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल या रसायनतज्ज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली, आज वापरतात ती तिचीच लेकरं. काळपट-राखाडी बारीक चकत्या, गोळ्या किंवा दंडगोल. उघड्यावर पेटवली तर ती फुटत नाही, भरभर जळते, एवढंच. हे पाहून लोक फसतात.

कारण बंद जागेत तिची वागणूक बदलते. ती पृष्ठभागावरून जळते आणि जळण्याचा वेग भोवतालच्या दाबावर अवलंबून असतो. दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते. जास्त वेगाने जळली की वायू जास्त होतो. वायूने दाब आणखी वाढतो. हे चक्र एका सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास आटोपतं. गोळी पुढे सरकून जागा करून देते म्हणूनच ते आवाक्यात राहतं. नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात दाबाची वरची मर्यादा साधारण ३५,००० पीएसआय धरतात, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे २४०० पट. रायफलच्या काडतुसांत हा आकडा ६०,००० च्या पुढेही जातो. आणि हे सगळं तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर चाललेलं असतं.

म्हणून यात "थोडं जास्त" असं काही नसतं. दारू मोजतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सराफाच्या गुंजेच्या निम्म्याहून जरासा जास्त. माप एवढ्या बारीक एककात, आणि दाब मात्र मापाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. माप थोडं वाढलं तरी दाब भलताच चढू शकतो. बरं, दारू तेवढीच ठेवली पण गोळी किंचित जास्त खोल बसली, तरी आतली जागा कमी होते आणि दाब चढतो. जड गोळी घेतली तरी चढतो. पिस्तुलाची जलद जळणारी दारू आणि रायफलची संथ जळणारी दारू एकमेकांशेजारी ठेवली तर नवख्याला फरक सांगता येत नाही. डब्यावरची चिठ्ठी निघाली असेल तर शहाणा माणूस ती दारू वापरत नाही, टाकून देतो. फटाक्यातली दारू तर याच्या जवळपासही आणायची नाही. तिचा स्वभावच वेगळा, तिने बंदूक फुटते.

दोन चुका या धंद्यात सगळ्यांना माहीत असतात. पहिली, एकाच पुंगळीत दोनदा दारू पडणं. पिस्तुलाच्या पुंगळीत दारूचं माप पोटाच्या निम्म्यालाही येत नाही, त्यामुळे दुप्पट दारू आत मावते, सांडत नाही, वरून गोळी बसली की कळतही नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी दर पुंगळीत डोकवायचं, मोबाईल लांब ठेवायचा, कुणी हाक मारली तर सुरू असलेली रांग पुन्हा पहिल्यापासून तपासायची. मागे रेडिओ लावून गप्पा मारणारा तो व्हिडिओतला गृहस्थ मला त्यामुळेच पटत नाही.

दुसरी चूक उलटी: दारू पडलीच नाही. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी निघते आणि नळीत मध्येच अडकते. आवाज "फट्" असा बारीक. फुसका बार म्हणून आपण हसतो, पण नेमबाजीत हा सगळ्यात घातकी बार. कारण नवशिक्याला वाटतं काडतूस खराब होतं, तो पुढचं काडतूस घालून घोडा ओढतो, आणि मागच्या गोळीला वाट नसते. नळी फुगते, कधी फाटते. आवाज वेगळा आला की थांबायचं, बंदूक सुरक्षित दिशेला धरायची, रिकामी करून नळी तपासायची. हा नियम कारखान्याच्या काडतुसालाही लागू आहे, म्हणून रेंजवर जाणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा.

पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना १८६९ पासून दारूगोळा बनवतोय, जळगाव जिल्ह्यात वरणगावला काडतुसं बनतात. हे कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. अशा ठिकाणी नमुने दाब मोजणाऱ्या नळीतून झाडून बघितले जातात. घरी बसलेल्याकडे दाब मोजायचं साधन सहसा नसतंच. तो छापील तक्त्यावर विश्वास ठेवतो, आणि बार उडाल्यावर पुंगळीचं बूड बघून अंदाज बांधतो. अंदाज चुकला तर तो पुढे सांगायला असेलच असं नाही. स्फोटक माल घरगुती पद्धतीने हाताळला की काय होतं हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. १ जानेवारी २०२३ ला बार्शी तालुक्यात फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला, त्यात कामावरच्या बायकांचे जीव गेले. तो माल वेगळा, पण ठिणगीला तो फरक कळत नाही.

आता कायदा. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकायला काढलं की तिथेही लागतो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता येत नाही. "मी विकणार नाही, माझ्यापुरतं" हा बचाव चालत नाही. भाच्याला ज्याचं सगळ्यात आश्चर्य वाटलं ती गोष्ट पुढेच आहे. कायद्यातली दारूगोळ्याची व्याख्या वाचा: काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवण्याची यंत्रसामग्रीही तिच्यात येते. म्हणजे त्या "साध्या प्रेस"कडे कायदा नुसतं लोखंड म्हणून बघत नाही. परदेशातून मागवला तर आयातीचा परवाना हा आणखी वेगळा मुद्दा. दारूवर स्फोटकांचा १८८४ चा कायदा आणि २००८ चे नियम आहेतच.

शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने बरीच वाढली. बेकायदा बनवणं, विकणं, रूपांतर करणं यासाठी आधी ३ ते ७ वर्षं होती, ती आता ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. परवान्याशिवाय बाळगण्याच्या गुन्ह्याला २ ते ५ वर्षं. "माझ्या काकांकडे परवाना आहे" असंही काही जण म्हणतात. काकांचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. त्यावर ठरलेल्या संख्येत, परवानाधारक दुकानातून, नोंद करून काडतुसं घ्यायची. काडतुसं बनवण्याचा परवाना हा वेगळा प्रकार, तो कारखान्यांचा. सोलापूर शहरात बंदुकीचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाही.

रिकाम्या पुंगळीचं काय, हा प्रश्न हमखास येतो, कारण कुणाकडे तरी किल्लीला लटकवलेली असतेच. जोडीचे बाकीचे भाग नसताना, वापरण्याचा हेतू नसताना किरकोळ सुटा भाग जवळ असणं याला कलम ४५ मध्ये सूट आहे. आणि नकळत बॅगेत राहिलेल्या काडतुसाच्या प्रकरणांत न्यायालयं "जाणीवपूर्वक ताबा" होता का हे पाहतात. पण हे सगळं न्यायालयात गेल्यावर. विमानतळावर बॅग तपासताना आधी तुमचं विमान सुटतं. माझं मत विचाराल तर ती किल्लीची शोभा काढून टाका.

एनसीसीत फायरिंग झाल्यावर पुंगळ्या का मोजून घेतात, हे आता लक्षात येईल. आमच्या वेळी गवतात एक हरवली की सगळी तुकडी ओणवी होऊन शोधायची, उन्हात, आणि हवालदारसाहेब मागून अजिबात न ओरडता उभे. त्या .२२ च्या पुंगळीला प्रायमर नसतोच. हातात घेऊन बुडाकडे नीट बघा: मध्यभाग सपाट, आणि कडेला एका जागी चौकोनी दाबाची खूण. पेटणारं रसायन तिच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेलं असतं, कळ कडेवरच आपटते. ती घडी एकदा दबली की संपलं. ही पुंगळी पुन्हा भरण्यासाठी बनवलेलीच नाही.

आणि ऑलिम्पिकचे रायफल-पिस्तुलाचे सगळे प्रकार बघा. एक तर हवेच्या बंदुकीचे, नाहीतर याच .२२ चे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं (पालथं झोपून झाडण्याच्या प्रकाराचं) विश्वविजेतेपद मिळवलं ते .२२ वर. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून झाडण्याच्या प्रकाराचं) कांस्य आणलं, तेही .२२ वर. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याने जग जिंकलं आणि त्यासाठी कुणाला घरी एकही काडतूस भरावं लागलं नाही.

भाच्याचा खरा किडा बंदुकीचा नाही, मोजमापाचा आहे. हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. तसं असेल तर त्याला १० मीटर एअर रायफल पुरून उरेल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नसलेली आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेली हवेची बंदूक परवान्याविना घेता येते, स्पर्धेची रायफल साधारण साडेसात ज्यूलची. वयाचा दाखला आणि ओळखपत्र दुकानदार मागतो, द्यायचं. पण आधी विकत घेऊ नका. जिल्हा रायफल संघटनेशी जोडलेल्या क्लबमध्ये जाऊन त्यांच्या रायफलने महिना-दोन महिने झाडा. ती हवेची आहे म्हणून खेळणं समजू नका. गच्चीवरून पक्ष्यांवर झाडणं गुन्हा आहे आणि डोळा जायला एक छर्रा पुरतो.

लक्ष्याच्या मध्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पेन्सिलीने टिंब काढा, बहुतेक त्याहून मोठं येईल. पुरुष आणि महिला दोघांनाही ६० फैरी, ७५ मिनिटं, आणि एका फैरीला जास्तीत जास्त १०.९ गुण. इथे रीलोडिंगवाल्यांची सगळी हौस भागते, फक्त दारूशिवाय. छर्रे डोक्याच्या मापाने निवडतात: ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर. फरक केसाहून बारीक, पण एखादी नळी ४.४९ ला रुसते आणि ४.५० ला खूश असते. रायफल शिकंज्यात पक्की आवळायची, म्हणजे माणसाचा हात मधून गेला. मग एकेका डब्यातले दहा-दहा छर्रे कोऱ्या कागदावर झाडायचे, डब्याच्या घाण्याचा, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा, क्रमांक कागदावर लिहायचा, आणि पडलेल्या भोकाचा व्यास कॅलिपरने मोजायचा. सगळ्यात लहान भोक पाडणारा घाणा सापडला की त्याच क्रमांकाचे डबे वर्षभराचे घेऊन ठेवायचे, कारण पुढचा घाणा तसाच निघेल याची खात्री नसते. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे झाल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि मगच कडक भाकरी-शेंगाचटणीला हात लावायचा.